पॅसेज, गुळाचा रंग आणि आजोळच्या फळ्या

हेडफोन लावलेत ना? आज घरातल्या सगळ्यात दुर्लक्षित जागेबद्दल बोलायचंय. पॅसेज. हॉलमधून बेडरूमकडे जाताना लागतो तो बोळ. आमच्याकडे तो साडेतीन फूट रुंद, चौदा फूट लांब आणि खिडकी एकही नाही.

मी ठरवलं, इथल्या भिंती तपकिरी करायच्या. विटकरी नको, मळकट तर नकोच. गुळाच्या ढेपेचा असतो ना, तसा उबदार रंग. पेंटरकाकांनी शेड कार्ड बघून मान हलवली. "ताई, अंधाऱ्या जागेत गडद रंग? पांढरा मारा, उजेड वाढेल." हे सगळेच सांगतात आणि ते अर्धंच खरं आहे. पांढरी भिंत उजेड तयार करत नाही, आलेला परत फेकते. जिथे उजेड येतच नाही, तिथे ती नुसती राखाडी दिसते. आमची दहा वर्षं तशीच दिसत होती, वर बोटांचे डाग.

तपकिरीची एक गंमत सांगते. इंद्रधनुष्यात हा रंग शोधा, सापडणार नाही. तपकिरी म्हणजे मुळात काळोखात गेलेला नारिंगी. त्यामुळे दिवा कुठला लावता त्यावर त्याचं नशीब ठरतं. आमच्याकडे ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब होती. तिच्याखाली माझ्या गुळाचा चिखल झाला! २७०० केल्विनचा बल्ब लावला आणि तीच भिंत एकदम जिवंत. हा आकडा बल्बच्या खोक्यावर छापलेला असतो, विकत घ्यायच्या आधी वाचा. शेड कार्डाच्या नखाएवढ्या चौकोनावर तर अजिबात विसंबू नका. मोठ्या कागदावर रंगाचे दोन हात द्या, तो भिंतीला चिकटवा आणि दिवसा-रात्री येता-जाता बघत राहा. आणि हो, गडद रंगात चकचकीत फिनिश घेतलंत तर गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा ओरडून दिसेल. मी पुसता येईल असं कमी चमकीचं घेतलं.

आता छत. फॉल्स सीलिंग करून चार-सहा इंच उंची घालवायची नव्हती. त्याच सुमारास वाईला माझ्या आजोळचा वाडा उतरवला. जुन्या वाड्यांत कडीपाट असतो, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांच्यावर बसवलेल्या फळ्या. लहानपणी दुपारी उताणं पडून आम्ही त्या कड्या मोजायचो. मामानं माझ्यासाठी तीन सागवानी फळ्या बाजूला काढून ठेवल्या.

सुतारानं आधी वाळवी तपासली, मग फळ्यांच्या अरुंद पट्ट्या कापल्या. स्लॅबला भोकं पाडून, फिशर ठोकून फुटाफुटावर एक पट्टी बसवली, पॅसेजला आडवी. उभ्या लावल्या असत्या तर बोळ आगगाडीच्या डब्यासारखा आणखी लांब दिसला असता. मधला स्लॅब सायीच्या रंगाचा ठेवला. भिंतीवरचे दिवे उजेड वर फेकतात, तो स्लॅबवरून खाली येतो आणि पट्ट्यांच्या सावल्या पडतात. फोटो काय आले म्हणून सांगू! दोन दिवस मी इन्स्टावरच होते.

तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठले, तर आई पॅसेजच्या मध्यावर भिंतीला हात लावून उभी. वरचे दिवे बंद. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे असते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. म्हणाली, "भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते, कळतच नाही गं. तीन दिवस अशीच चाचपडत जातेय." तीन दिवस! आणि मला बोलली नाही, कारण मी खूश होते.

चूक माझीच. सगळं सलग दिसावं म्हणून मी स्कर्टिंगही तपकिरीच रंगवलं होतं. फरशी मुळातच गडद, त्यामुळे कड पार हरवली. दुसऱ्याच दिवशी स्कर्टिंग आणि दाराच्या चौकटी फिकट सायीच्या रंगात केल्या. फरशीपासून फूटभर उंचीवर दोन सेन्सरचे छोटे दिवे लावले. माणूस चालायला लागला की ते आपोआप लागतात, त्यामुळे रात्री बटण शोधायला नको. घरात म्हातारं माणूस असेल तर हे रंगाच्या आधी करा. मी उलट्या क्रमानं केलं.

एका पट्टीवर धुराचा काळा डाग आहे. सुतार रंधा मारून तो काढणार होता, आईनं मारू दिला नाही. ती फळी माजघरातली, तिच्या आईच्या चुलीजवळची. रात्री जाता-येता आई तिथे थांबते आणि वर बघत राहते. इतका वेळ, की सेन्सरला वाटतं कोणीच नाही आणि दिवा विझतो. मग ती हात हलवते, दिवा पुन्हा लागतो.