लांडोरीला काय लागते?

(जळगाव येथे नागरिकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



जळगावकरांना लांडोरखोरी वनउद्यान ठाऊक आहे. धुळेकरांना लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगला ठाऊक आहे. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मुक्काम झाला, तोच. खानदेशातील दोन प्रमुख नगरांच्या वेशीवरची ही स्थाने, आणि दोहोंच्या नावांत लांडोर. नावे देणाऱ्यांना ती तेथे नित्य दिसत असली पाहिजे.

लांडोर अंडी घालते ती भूमीवर, गवत-झुडपांच्या आडोशाला. रात्री मात्र उंच, जुन्या झाडावर जाऊन बसते. तिला न कापलेले गवत हवे आणि म्हातारे झाडही हवे. आपल्या नागरी हिरवाईच्या कल्पनेत नेमक्या याच दोन गोष्टींना स्थान उरलेले नाही. फरसबंदी, कारंजे, चार शोभेची झाडे झाली की आपण उद्यानाचे उद्घाटन करून मोकळे होतो!

आधी झाडाचे पाहू. वाळलेल्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो. खोडाचा व्यास दुप्पट झाला की झाडाचे वजन पाच-सहा पट होते. म्हणजे १० सेंटीमीटर खोडाच्या झाडापेक्षा ८० सेंटीमीटर खोडाच्या निंबात शंभराहून कितीतरी अधिक पट कार्बन साठलेला असतो. शिवाय त्याच्या ढोलीत पिंगळा राहतो, वाळक्या फांदीत तांबट घर कोरतो. रोपाला ढोली नसते. वैशाखात पारा ४५ अंशांवर असताना आखाजीला माहेरी आलेल्या लेकींचे झोके याच निंबांना बांधले जात. आज झोका पेलेल अशी फांदी किती गल्ल्यांत उरली आहे, हे माता-भगिनींनी मोजून पाहावे. वटपौर्णिमेला बाजारातून तोडलेली फांदी आणून पुजणाऱ्या घरांनाही माझे हेच सांगणे आहे. व्रत उभ्या वडाचे आहे.

कुरणाची गोष्ट याहून अवघड, कारण तेथे चूक सज्जन माणसे करतात. गवताळ माळ ‘ओसाड’ समजून आपलेच उत्साही कार्यकर्ते तेथे खड्डे खणून रोपे लावतात. परंतु कुरणाचा कार्बन मुख्यतः मुळांत आणि मातीत असतो. यंत्राने चर खोदले की तो मोकळा होतो. ससा, तितर, लांडोर यांचा आसराही जातो.

हे प्रदेशाचे वैभव आपल्या हातून निसटून पुन्हा सापडल्याचे उदाहरण आहे. रानपिंगळा हे घुबड १८८४ नंतर कोणास दिसले नव्हते. ते नामशेष झाले, असे मानले जात होते. १९९७ साली ते शहाद्याजवळ पुन्हा आढळले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. तेही घरटे करते झाडाच्या ढोलीतच. साक्री तालुक्यातील बारीपाड्याचे वनवासी बांधव तर कोणी सांगण्याची वाट पाहत बसले नाहीत. वनवासी कल्याण आश्रमाचे चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने त्यांनी सुमारे ४०० हेक्टर वन राखले. २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. तेथील मुख्य काम उभे रान तोडू न देण्याचे होते, रोपे लावणे त्यानंतरचे.

नगरांत हे राखणे अशक्य नाही. राज्याचा वृक्षसंरक्षण कायदा १९७५ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडास वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. साठ वर्षांच्या निंबाला साठ रोपे हा हिशेब मला तरी पटत नाही. वर मांडलेले गणित आठवावे. पण तोडीपूर्वी वृत्तपत्रात आणि त्या झाडावरच सूचना लावावी लागते, नागरिकाला हरकत घेता येते. ही तरतूद वापरणारे किती?

जळगाव व धुळे या दोन्ही महापालिका २००३ साली स्थापन झाल्या. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे हे त्यांचे कर्तव्य आहे. पुढील गणनेत केवळ झाडांची संख्या नव्हे, खोडाचा घेर आणि ढोली यांचेही रकाने असावेत, असे निवेदन प्रत्येक प्रभागातून गेले पाहिजे. सभा संपल्यावर त्याचा मसुदा दाराशी ठेवलेला आहे. वाचून, पटल्यास स्वाक्षरी करावी.