उजेडाचा हिशेब : फिल्म कॅमेऱ्याचे ॲपर्चर आणि शटर

(मंडळाच्या छायाचित्रण वर्गाच्या पहिल्या दिवशी केलेले भाषण)



मंडळाच्या कपाटातली जुनी निगेटिव्ह आम्ही चौघांनी या उन्हाळ्यात स्कॅन केली. पट्ट्या शाबूत आहेत. पण आरतीच्या बऱ्याच फोटोंत मखरातले दिवे लख्ख आणि त्यांच्यापुढे उभी असलेली माणसे काळी ठिक्कर. त्यातली कितीतरी आज आपल्यात नाहीत, आणि काहींचा दुसरा फोटो त्यांच्या घरीही नाही. काढणाऱ्याला बोल लावायचा नाही. हे का होते, एवढेच आज पाहू.

आपल्या बडोद्यात बनणारा आगफा क्लिक थ्री पुष्कळांच्या घरी होता. त्यात ऊन की ढग, एवढेच निवडायचे. पुढे लेन्सवर आकड्यांची कडी आणि वर वेगाची चकती असलेले कॅमेरे आले, आणि मंडळी बिचकली. बिचकण्यासारखे त्यात काही नाही.

कडीवर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे असतात. आकडा मोठा तितके भोक लहान. एक घर पुढे सरकलात की उजेड निम्मा. चकतीवरचे ६० म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, १२५ म्हणजे त्याच्या निम्मा वेळ. म्हणजे दोन्हीकडे निमपटीचाच व्यवहार. एकीकडे एक घर काढले की दुसरीकडे एक घर घालायचे. १०० ची फिल्म, स्वच्छ ऊन : एफ १६ आणि १/१२५. हेच एफ ८ आणि १/५०० ने केले तरी फिल्मवर उजेड तेवढाच पडतो.

मग फरक कुठे? चित्रात. कार्यकारिणीचा तीन रांगांचा फोटो एफ २ वर काढलात, तर पुढची रांग रेखीव आणि मागच्या रांगेतल्या काकू धूसर. त्या वर्षभर ऐकवतील. म्हणून हा फोटो सकाळी अंगणात, एफ ८ किंवा ११ वर. लेझीम मात्र शटरचे काम. १/२५० ला हात जागच्या जागी थांबतो, १/३० ला त्याची रेघ उमटते. आम्हाला रेघ आवडते, आमच्यातल्या एकाला अजिबात नाही. ५० च्या लेन्सने हातात कॅमेरा धरून १/६० च्या खाली जाऊ नये, गेलात तर खांबाला टेका.

आता आरती. मीटरला माणूस ओळखता येत नाही. समोर दिसेल ते सरासरी करड्या रंगाचे आहे असे तो धरून चालतो. चौकटीत दिव्यांच्या माळा आल्या की त्याला वाटते उजेड भरपूर आहे, तो कमी उजेड सांगतो, आणि चेहरे बुडतात. उपाय साधा. दिवे चौकटीबाहेर ठेवून, जवळ जाऊन, चेहऱ्यावरचे माप घ्यायचे, आकडे लावायचे, मग मागे येऊन फोटो काढायचा. ट्यूबलाइटच्या खोलीत ४०० च्या फिल्मला साधारण एफ २ आणि १/६० निघते. दिवे थोडे पांढरे पडले तरी पडू द्या. निगेटिव्हला एखादे घर जादा उजेड सहज पचतो. कमी पडलेला मात्र कोणत्याही स्कॅनरने परत येत नाही, आम्ही उन्हाळाभर खटपट करून पाहिली.

रोलमध्ये ३६ फोटो, आणि रोल आता स्वस्त राहिलेला नाही. म्हणून यंदा दहा दिवसांना दोनच रोल, आणि त्यातले पहिले बारा फोटो पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचे, एकेकाचा एक. नावे कार्यालयातल्या वहीत लिहून ठेवावीत.

टेबलावर तीन रिकामे कॅमेरे ठेवले आहेत. मागचे झाकण उघडा, चकती बी वर आणा, बटण दाबून धरा आणि कडी फिरवत आतून खिडकीकडे पाहा. भोक लहानमोठे होताना दिसेल. शटरच्या पडद्याला तेवढे बोट लावू नका.