चाळ राखायची, ती कोणासाठी?

(चाळींच्या पुनर्विकासासंबंधी भरलेल्या रहिवाशांच्या सभेत एका वकील बंधूंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या प्रश्नावर बोलण्याची आज्ञा आपण मला केली आहे, तो दिसावयास इमारतींचा आहे. वस्तुतः तो माणसांच्या हक्काचा आहे. सरकारने बांधलेल्या जुन्या चाळी पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. अशा वेळी त्यांतील एखादी चाळ राखून ठेवावी काय? आणि राखली, तर ती कोणासाठी?

प्रथम या चाळी कशा उभ्या राहिल्या ते पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. त्यानंतर १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व त्याने बी.आय.टी. चाळी बांधल्या. पुढे १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील बी.डी.डी. चाळी त्याच खात्याने बांधल्या. चार ठिकाणी मिळून त्या दोनशेंहून अधिक. तळमजला व वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि शौचालय सर्वांचे मिळून सामाईक. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींचा सरकारने तात्पुरता तुरुंग म्हणूनही उपयोग केला. म्हणजे घराचा तुरुंग करता येतो, हे या भिंतींनी पाहिले आहे.

त्या काळी खाजगी घरमालक जात विचारून दार लावून घेत. सरकारी चाळीत निदान खोली मागता येत असे. म्हणूनच कोकणातून, घाटावरून आलेली आपली कितीतरी माणसे तेथे स्थिरावली. परळच्या बी.आय.टी. चाळ क्रमांक एकमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, ५० व ५१ या दोन खोल्यांत पूज्य बाबासाहेबांचे बिऱ्हाड १९१२ पासून १९३४ पर्यंत होते. 'मूकनायक' निघाला, महाडचा संग्राम झाला, गोलमेज परिषदेची पाचारणे आली, ती बाबासाहेबांचे घर त्या चाळीत असताना. त्या दोन खोल्यांपैकी एक अभ्यासाची होती, ही गोष्ट आपण नीट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

तथापि, चाळीचे गोडवे गाऊन मी आपली फसवणूक करणार नाही. पहाटे बादली घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई चाळीचे काव्य करीत नाही. आजारी म्हाताऱ्याला जिना उतरून नेणाऱ्या मुलाला जुन्या इमारतीचे कौतुक वाटत नाही. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या चाळींत दंगल उसळली, तीही आपल्याच आठवणीत आहे. तेव्हा नवे घर मिळणे हा उपकार नव्हे, तो न्याय आहे. वरळीच्या कामास १ ऑगस्ट २०२१ रोजी आरंभ झाला, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या, मालकी हक्काच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. याचे स्वागतच केले पाहिजे.

मग राखायचे काय? हा प्रश्न केवळ मुंबईलाच पडलेला नाही. अमेरिकेतील शिकागो शहरात १९३८ साली जेन ॲडम्स होम्स ही सरकारी वसाहत बांधली गेली. तीत बत्तीस इमारती होत्या. प्रारंभी काळ्या कुटुंबांना तेथे मोजक्याच जागा मिळाल्या. २००० साली त्या शहराने जुन्या वसाहती पाडून २५,००० घरे नवी बांधण्याची वा दुरुस्त करण्याची योजना हाती घेतली. जुनी घरे आधी पडली. वचनातल्या घरांसाठी कित्येकांना वर्षानुवर्षे तिष्ठावे लागले. तेव्हा त्या वसाहतींतील रहिवाशांनीच आग्रह धरला की, आमची एक तरी इमारत राखा, आमची गोष्ट आम्हांला सांगू द्या. ती एक इमारत उरली, आणि एप्रिल २०२५ मध्ये तीत सार्वजनिक गृहनिर्माणाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. निरनिराळ्या काळांतील कुटुंबांची बिऱ्हाडे तेथे मांडलेली आहेत, आणि त्याच जागी पंधरा घरे लोकांच्या राहण्यासाठीही आहेत. यातून दोन धडे मिळतात. एक, मागणी रहिवाशांची असावी. दुसरा, आठवण राखली म्हणून गेलेले घर परत येत नाही.

आपल्याकडेही एखादी चाळ राखून संग्रहालय करावे, अशी कल्पना बोलली जाते. माझा तिला पाठिंबा आहे, परंतु तीन अटींवर. पहिली अट अशी की, एकाही पात्र कुटुंबाचे घर त्यापायी अडता वा उणे होता कामा नये. दुसरी, त्या इमारतीच्या कारभारात रहिवाशांचे बहुमत असावे, आणि ते तोंडी आश्वासन न राहता नोंदलेल्या दस्तऐवजात यावे. तिसरी, तेथे केवळ काचेच्या कपाटांची रांग नसावी. एक खोली होती तशी ठेवा, सामाईक शौचालयासह ठेवा, म्हणजे नातवंडांना खरे कळेल. बाकीच्या खोल्यांत मुलांसाठी अभ्यासिका, वाचनालय आणि कायदेविषयक सल्ल्याची जागा करा. ज्या पुरुषाने चाळीच्या एका खोलीचे अभ्यासाचे स्थान केले, त्याचे स्मरण याहून योग्य रीतीने कसे होणार?

शेवटी एक अनुभव सांगतो. माझ्याकडे एक वृद्ध माता आपल्या नातवाच्या वारसहक्काचे प्रकरण घेऊन आल्या. नवऱ्याच्या नावाची खोली. नवरा गेला, मुलगाही गेला. कार्यालयात विचारणा झाली, पुरावा काय? बाईंनी पदराखालून तारेत ओवलेल्या भाड्याच्या पावत्या काढल्या. चाळीस वर्षांच्या पावत्या, एकही महिना चुकलेला नाही. त्यांना अक्षर येत नव्हते, पण कागदाची किंमत कळत होती. त्या पावत्यांवर नातवाचे नाव लागले. काम झाल्यावर त्यांनी मला विचारले, "वकीलसाहेब, आता या टाकून देऊ का?" मी म्हणालो, "नको आई, याच तर तुमच्या चाळीचा इतिहास आहेत."

बंधूंनो, जो कागद न्यायालयात हक्क सिद्ध करतो, तोच संग्रहालयात इतिहास सिद्ध करतो. म्हणून आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा. खोलीवाटपाचे पत्र, भाडेपावत्या, शिधापत्रिका, जुने फोटो एकत्र करा. त्यांच्या प्रती काढा. नव्या घराच्या करारात घरातील स्त्रीचेही नाव घाला. आणि वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्या तोंडून चाळीची हकीकत लिहून घ्या. इमारत राखणे सरकारच्या हाती असेल; साक्ष राखणे आपल्या हाती आहे.

जय भीम!