गुण्याचे नव्वद, यंत्राचे शून्य



आम्ही जन्मभर शाळेच्या फळ्यावर कोन काढले. पण लाकडात कोन कसा काढतात, ते आम्हाला निवृत्त झाल्यावर कळलं. शिकवलं कोणी? साक्षरतेच्या वर्गात पाटी घेऊन बसणाऱ्या एका सुतारबाबांनी. त्याचीच हकीगत आज सांगतो.

बाबांचा हात मोठा सफाईचा. आपल्या आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या अंगाला, पाऊस फार. तिथं घराचं छप्पर चांगलं उतरतं लागतं. उतरत्या छपराच्या वाशाचं टोक तिरकं कापावं लागतं. बाबांनी असे कितीतरी वासे हातकरवतीनं कापले. अक्षरओळख नव्हती, पण नजर आणि गुण्या पक्का.

ही विद्या फार जुनी आहे. जुन्नरजवळ लेण्याद्रीला गेलात, तर चैत्यगृहात वर पाहा. कमानदार छताला दगडातच कोरलेल्या फासळ्या दिसतील. ती लाकडी छताची नक्कल आहे. म्हणजे पाथरवटाच्या आधी तिथं सुताराची अक्कल पोचली होती.

तर बाबांच्या मुलानं तिरका काप घेण्याचं विजेचं यंत्र आणलं. दुकानात त्याला माइटर सॉ म्हणतात. त्यात गोल पातं असतं. मूठ धरून ते खाली आणायचं, की लाकूड कापलं जातं. पातं डावीकडे-उजवीकडे फिरवता येतं. किती फिरलं, ते खालच्या पट्टीवरचे आकडे सांगतात.

एका संध्याकाळी बाबा आमच्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, गुण्याचा कोपरा नव्वद अंशांचा, असं तुम्हीच शिकवलंत. मग पोराचं यंत्र सरळ कापतं, तेव्हा काटा शून्यावर कसा? खरं कोण, गुण्या का यंत्र?"

आम्हाला चटकन उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही यंत्र पाहायला गेलो. पाहिलं, तेव्हा उमगलं. दोघंही खरे! गुण्या दोन कडांमधला कोन सांगतो. यंत्र, पातं सरळ जागेपासून किती वळलं, ते सांगतं. सरळ कापात पातं वळलेलंच नसतं. म्हणून शून्य. आकडा वाचता आला, तरी तो कुठून मोजला आहे ते समजावं लागतं.

मग आम्हालाही हुरूप आला. वर्गात सावित्रीबाई फुल्यांची तसबीर लावायची होती. म्हटलं, चौकट आपणच करू. चौकटीचा कोपरा ९० अंशांचा. तो दोन पट्ट्यांनी मिळून करायचा. म्हणून प्रत्येकीचं टोक निम्म्यावर, म्हणजे ४५ वर कापायचं. एक ४० वर आणि दुसरी ५० वर कापली, तर बेरीज ९० होईल, पण दोन काप लांबीला सारखे होणार नाहीत. एकीचं नाक पुढं राहील.

मापही लिहून काढलं. आतली मोकळी जागा १२ इंच आणि १० इंच. पट्टी २ इंच रुंद. बाहेरचं माप काढताना दोन्ही बाजूंची रुंदी मिळवायची. १२ आणि ४ मिळून १६. १० आणि ४ मिळून १४. तेव्हा दोन पट्ट्या १६ इंचांच्या, दोन १४ इंचांच्या.

इथवर गणित बरोबर. आम्ही काटा ४५ वर आणला आणि चारही पट्ट्या धडाधड कापल्या. तीन कोपरे नीट जुळवले. चौथ्यात फट! काडेपेटीची काडी सहज आत जाईल एवढी. चांगलं सागवान वाया गेलं.

बाबा हसले. म्हणाले, "गुरुजी, काट्यावर भरवसा ठेवलात. आधी टाकाऊ लाकूड कापून पाहायचं होतं."

यंत्र अर्धा अंश चुकत होतं. अर्धा अंश म्हणजे काय, असं वाटेल. पण एका कोपऱ्यात दोन काप. म्हणजे चूक एक अंशाची. चार कोपऱ्यांची मिळून चार अंशांची. तीन कोपरे दाबून मिटवले, की सगळी चूक चौथ्यात गोळा होते. संसारातही असंच नाही का होत?

बाबांची रीत आता आमच्या पाटीवर लिहिलेली आहे. तुम्हीही लिहून घ्या.

आधी टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे ४५ वर कापा. ते जोडून आत गुण्या लावा. उजेड दिसला, तर काटा सुधारा.

पातंही थोडं लाकूड खातं. म्हणून खुणेच्या रेघेवर कापू नका. रेघेच्या बाहेर, टाकाऊ बाजूला कापा.

समोरासमोरच्या पट्ट्या अगदी सारख्या लांबीच्या ठेवा. चौकट जुळली, की कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून दोरी लावा. दोन्ही मापं सारखी आली, तर चौकट काटकोनात आहे.

लाकूड वाळलेलं घ्या. ओलं लाकूड वाळताना रुंदीला आकसतं आणि जोड आतल्या बाजूनं उघडतो.

आठ कोपऱ्यांची चौकट करायची असेल तर? चौकटीभोवती एक फेरी घातली, की आपण ३६० अंश वळतो. त्याला ८ नं भागा. ४५ आले. त्याचं निम्मं साडेबावीस. काटा तिथं लावा. सहा कोपऱ्यांना ३६० भागिले ६, म्हणजे ६०. निम्मे ३०. भागाकार शिकल्याचा हा उपयोग.

आता शेवटची गोष्ट, आणि सगळ्यात मोठी. आमच्या ओळखीच्या एका तरुणानं असंच यंत्र घेतलं. तो शिकलेला. यंत्राबरोबर पुस्तिका आली, ती खोक्यातच राहिली. एके दिवशी वीतभरही नसलेला तुकडा त्यानं हातात धरून कापला. बोटाचं एक पेर गेलं. वाचता येत होतं, पण वाचलं नाही.

म्हणून सांगतो. लहान तुकडा हातानं धरू नका, क्लॅम्पनं आवळा. हात पात्यापासून वीतभर तरी दूर ठेवा. उपरणं, पदर, सैल बाही आवरा. डोळ्यांवर चष्मा घाला. पातं पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावा. कापून झालं, की बटण सोडा आणि पातं थांबल्यावरच ते वर उचला. काम चालू असताना वीज गेली, तर आधी प्लग काढा. वीज सांगून येत नाही.

दुसऱ्या खेपेची चौकट बाबांनी आणि आम्ही मिळून केली. चारही कोपरे मिटले. तसबिरीच्या मागं बाबांनी पेन्सिलीनं लिहिलं, "१६, १४, ४५". खाली आपलं नाव लिहिलं. अंगठा नव्हे, नाव.

तुमच्याही घरी एखादं यंत्र असेल. पाण्याचा पंप असेल, पिठाची गिरणी असेल, औषध फवारण्याचा पंप असेल. आज घरी गेल्यावर त्यावरचे आकडे वाचा. त्याची पुस्तिका शोधून काढा. अडलं तर उद्या वर्गात घेऊन या. आपण मिळून वाचू.

राम राम.