ग्रंथालयाच्या वेबसाइटबद्दल मुलींना विचारायचं कसं?



आज मी बचतीबद्दल किंवा कर्जाबद्दल बोलणार नाहीये. आजचा विषय जरा वेगळा आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाची वेबसाइट सुधारायची असेल, तर विद्यार्थ्यांचं म्हणणं कसं जाणून घ्यायचं? तुम्ही म्हणाल, ताई, यात आमचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या मुली आज बी.ए., बी.कॉम., एम.ए. करताहेत. काही सुना लग्नानंतर घरूनच परीक्षा देताहेत. काही जणी तर चाळिशीत स्वतः मुक्त विद्यापीठातून शिकताहेत. यांतल्या बऱ्याच जणींचं विद्यापीठ दूरच्या शहरात असतं. ग्रंथालयाची इमारत एखादीने प्रवेशाच्या वेळी बाहेरून पाहिली असेल, तेवढीच. त्यांच्यासाठी ग्रंथालय म्हणजे हातातला मोबाइल. त्यावर ते पान उघडलं आणि काही उमगलंच नाही, तर त्या मुलीपुरतं ग्रंथालय बंद. फी मात्र भरलेली असते.

मागच्या महिन्यात गटाची बैठक संपल्यावर तिथे तीन कॉलेजच्या मुली बसल्या होत्या. मी म्हटलं, तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं पान उघडा आणि तुमच्या अभ्यासक्रमातलं एखादं पुस्तक तिथे आहे का, ते मला शोधून दाखवा. एकीने ‘ई-रिसोर्सेस’वर बोट ठेवलं. तिथून ती पासवर्ड मागणाऱ्या खिडकीत अडकली. दुसरी कुठल्यातरी उद्घाटनाच्या फोटोंमध्ये जाऊन पोचली. तिसरीला ‘ओपॅक’ असा शब्द दिसला, पण तो काय आहे हे माहीत नसल्याने तिने तो उघडलाच नाही. पुस्तकांची यादी नेमकी त्याच्या मागे होती. थोड्या वेळाने तिघींनी फोन खाली ठेवले. एक जण हळूच म्हणाली, “आम्हालाच येत नाही, ताई.”

मैत्रिणींनो, हे वाक्य मला लागलं. दाराला हँडल कुठे आहे ते दिसत नसेल, तर दोष दाराचा असतो. पण घरातून पहिल्यांदा विद्यापीठापर्यंत पोचलेली मुलगी दाराला दोष देत नाही, ती स्वतःलाच देते. ती तक्रार करत नाही, गप्प बसते आणि गाइडवर भागवते. तिकडे विद्यापीठाला वाटतं, तक्रार नाही म्हणजे सगळं छान चाललंय.

कॉलेजं विचारत नाहीत असं नाही. अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले जातात. ‘ग्रंथालयाच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?’ असा प्रश्न असतो आणि खाली पाच पर्याय. पोरी पटापट ‘समाधानी’वर टिक करतात आणि मोकळ्या होतात. आपल्या बैठकीत तरी वेगळं काय होतं? बँकेच्या व्याजाचा हिशोब सांगून झाल्यावर “समजलं का?” असं विचारलं, की सगळ्या माना हलवतात. पण एखादीच्या हातात तिचं पासबुक देऊन “यातलं व्याज कुठलं, ते दाखव बरं,” असं म्हटलं, की खरं चित्र कळतं. माणसाला मत विचारलं तर तो समोरच्याचं मन राखतो. काम करायला दिलं, की अडचण आपोआप पुढे येते.

हीच गोष्ट अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने मोठ्या नेटाने करून पाहिली. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००४ ते २००६ या काळात विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यासाठी त्यांनी नॅन्सी फ्राइड फॉस्टर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना सोबत घेतलं. मानववंशशास्त्रज्ञ म्हणजे लोकांमध्ये मिसळून, त्यांचं रोजचं जगणं पाहून अभ्यास करणारी व्यक्ती. ‘वेबसाइट आवडली का?’ हा त्यांचा प्रश्नच नव्हता. एखादा विद्यार्थी अभ्यासाचा मोठा निबंध लिहायला घेतो, तेव्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत तो खरोखर काय काय करतो, हे त्यांना हवं होतं.

मग त्यांनी काय केलं? निबंध लिहून झालेल्या मुलांना मोठा कागद दिला आणि सांगितलं, कामाला सुरुवात कशी केली, मग काय केलं, ते चित्रं काढत काढत सांगा. काहींना वापरून टाकायचे साधे कॅमेरे दिले आणि फोटो काढायच्या गोष्टींची यादी दिली. तुमच्याजवळ नेहमी असणाऱ्या वस्तू, ग्रंथालयात तुम्ही जिथे गोंधळता ती जागा, अशी ती यादी होती. काहींना विद्यापीठाच्या आवाराचा नकाशा देऊन दिवसभरात कधी कुठे गेलात, ते त्यावर मांडायला सांगितलं. आपण गावात रांगोळीने जमिनीवर गावनकाशा काढतो ना, पाणी कुठून आणतो, सरपण कुठून आणतो, तसंच हे! आणि वेबसाइटसाठी? विद्यार्थ्यांना एकत्र बसवून, हातात कागद आणि पेनं देऊन, ‘तुम्हाला हवं तसं पान तुम्हीच मांडा’ असं सांगितलं.

यातून जे निघालं, ते फॉर्मवर टिक करून कधीच निघालं नसतं. मुलांचं खरं काम रात्री उशिरा चालत होतं आणि मदत करणारे ग्रंथपाल तोवर घरी गेलेले असायचे. मग रात्री उशिरापर्यंत ग्रंथपाल हजर ठेवण्याचा प्रयोग झाला. वेबसाइटचं पान मांडताना मुलांनी सगळ्या जगाची पुस्तकं एकाच ढिगात मागितली नाहीत. त्यांना आपल्या वर्गाच्या, आपल्या विषयाच्या कामाला लागणारं साहित्य हाताशी हवं होतं. आणि एक गंमत ऐका. लिहिताना अडलं, की बरीच मुलं घरी आईवडिलांना फोन करत होती! ग्रंथालयाने ते मनावर घेतलं आणि नव्या मुलांच्या स्वागताच्या वेळी पालकांनाही नाश्त्याला बोलावलं. मुलाचा फोन आला, तर ‘ग्रंथपालांना विचार’ एवढं त्याला सांगा, हे पालकांच्या कानावर घालायचं होतं. फॉस्टर आणि ग्रंथपाल सुझन गिबन्स यांनी संपादित केलेलं या कामाचं पुस्तक २००७ साली निघालं.

आता शब्दांबद्दल बोलते, कारण आपल्या मुली सगळ्यात जास्त शब्दांपाशी अडखळतात. जॉन कुपरस्मिथ नावाच्या अमेरिकी ग्रंथपालांनी अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांमध्ये झालेल्या अशा चाचण्यांचे निकाल एकत्र केले. विद्यार्थ्यांना वारंवार न कळलेले शब्द कुठले निघाले? डेटाबेस, कॅटलॉग, इंडेक्स, रेफरन्स, रिसोर्स, पीरिऑडिकल, आणि सगळी आद्याक्षरांची नावं. म्हणजे ज्यांची भाषाच इंग्रजी, त्या मुलांनाही हे शब्द कळत नव्हते! मग आपल्या तालुक्यातल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने स्वतःला का कमी समजावं? ‘पुस्तकं शोधा’, ‘लेख शोधा’ असे साधे, काम सांगणारे शब्द मात्र मुलांना चटकन कळत होते.

आपल्याकडच्या वेबसाइटवर काय दिसतं बघा. ओपॅक, एन-लिस्ट, शोधगंगा, रिमोट ॲक्सेस. यांतली प्रत्येक गोष्ट मोलाची आहे. ओपॅक म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी. शोधगंगा म्हणजे भारतातल्या विद्यापीठांमधल्या पीएच.डी.च्या प्रबंधांचं भांडार, कुणालाही फुकट वाचता येणारं. एन-लिस्टमधून कॉलेजच्या विद्यार्थ्यांना हजारो ई-पुस्तकं आणि मासिकं घरबसल्या वाचता येतात. कॉलेज त्याचं सभासद असलं पाहिजे आणि कॉलेजच्या ग्रंथालयातून पासवर्ड घेतला पाहिजे. एवढी श्रीमंती! पण ‘ओपॅक’च्या जागी ‘आपल्या ग्रंथालयातली पुस्तकं शोधा’ असं लिहिलं नाही, पासवर्ड कुणाकडे मागायचा ते खाली सांगितलं नाही, तर ती श्रीमंती कुलूपबंद कपाटातच राहते.

हे सगळं सुधारायला फार पैसा लागतो का? जेकब नील्सन हे वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात, यातले नावाजलेले तज्ज्ञ. २००० साली त्यांनी एक हिशोब मांडला. वेबसाइट वापरताना फक्त पाच जणांना नीट पाहिलं, तरी साधारण ८५ टक्के अडचणी उघड होतात. म्हणून एकदम पन्नास जणांना बसवण्यापेक्षा आधी पाच जणांना पाहा, सुधारणा करा, पुन्हा नव्या पाच जणांना पाहा. मात्र वापरणाऱ्यांचे गट अगदी वेगवेगळे असतील, तर प्रत्येक गटातून काही जण घ्यायला हवेत. वसतिगृहातल्या मुलाची अडचण वेगळी आणि वाडीवरून शिकणाऱ्या सुनेची वेगळी.

माझं बोलणं एखाद्या ग्रंथपाल बाईंच्या किंवा सरांच्या कानावर पडत असेल, तर त्यांना आमच्या गटांतल्या आयांच्या वतीने चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, ग्रंथालयात येऊन बसणाऱ्यांनाच विचारू नका. ते तर आलेलेच आहेत. जे येत नाहीत, त्यांना गाठा. बाहेरून परीक्षा देणाऱ्या, नोकरी करून शिकणाऱ्या, लेकुरवाळ्या. डोळ्यांनी न दिसणारे विद्यार्थी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ऐकतात, त्यांनाही घ्या. आणि चाचणी मोठ्या संगणकावर नको, तिच्याच फोनवर, तिच्याच नेटवर करा.

दुसरी गोष्ट, मत विचारू नका, काम द्या. ‘हे पुस्तक आहे का पाहा’, ‘या विषयावर मराठीत एक लेख शोधा’, ‘शनिवारी ग्रंथालय किती वाजता बंद होतं ते सांगा’. ती शोधत असताना मध्ये बोलू नका. तिचं बोट कुठे थांबतं, ते टिपा. आणि सुरुवातीलाच तिला सांगा, ‘बाळ, परीक्षा तुझी नाही, आमच्या वेबसाइटची आहे.’ या एका वाक्याने मुलगी मोकळी होते.

तिसरी गोष्ट, मांडणी त्यांच्या हाताने करून घ्या. वेबसाइटवरची एकेक गोष्ट एकेका चिठ्ठीवर लिहा आणि मुलींना सांगा, तुमच्या मते सोबत असाव्यात अशा चिठ्ठ्या एकत्र लावा आणि ढिगाला नाव द्या. परक्या स्वयंपाकघरात आपल्याला साखरेचा डबा सापडत नाही, कारण तो मांडणारणीच्या सोयीने ठेवलेला असतो. वेबसाइटही बहुतेक वेळा कार्यालयाच्या सोयीने लावलेली असते. चिठ्ठ्यांच्या खेळात मुलींची सोय दिसते, आणि ढिगाला त्यांनी दिलेली नावंच वेबसाइटवर लिहायला उपयोगी पडतात.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. विचारून झालं, की उत्तर परत द्या. ‘तुम्ही हे सांगितलंत, म्हणून आम्ही हे बदललं, हे मात्र अजून जमलं नाही, त्याचं कारण असं,’ हे पानावर ठळक लिहा. आपल्या गटात मागच्या बैठकीचा ठराव आधी वाचून दाखवतात, मग पुढचा विषय घेतात. तसं केलं नाही, तर बायका यायच्या थांबतात. मुलींनाही एकदा बोलून काही झालं नाही, असं दिसलं, तर त्या दुसऱ्यांदा बोलणार नाहीत.

यात नवं काही नाही, मैत्रिणींनो. आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. रंगनाथन, ज्यांच्या जन्मदिवशी, १२ ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो, त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यातला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. आपल्या मुलीचा वेळ कसा असतो, ते तुम्हाला सांगायला नको. स्वयंपाक, भांडी, लहान भावंडांचा अभ्यास उरकून रात्री दहा वाजता तिला एक तास मिळतो. त्यातली वीस मिनिटं पान कुठे आहे ते शोधण्यात गेली, तर उरलेल्या वेळात ती वाचणार काय?

आता तुमच्यासाठी एक काम. या आठवड्यात एकदा लेकीच्या, सुनेच्या शेजारी बसा. आपल्याला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. तिला म्हणा, तुझ्या ग्रंथालयाच्या वेबसाइटवर तुला हवं असलेलं एक पुस्तक शोधून दाखव. ती जिथे अडेल, तो शब्द वहीत लिहून ठेवा. मग अशा पाच मुलींचे शब्द एका कागदावर उतरवा आणि त्यांच्या सह्यांनिशी कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथपालांना पाठवा. भांडणाची भाषा नको. ‘आमच्या मुली इथे अडतात, कृपया शब्द सोपे करावेत,’ एवढं पुरे. ग्रंथपालांनाही अशी नेमकी यादी सहसा मिळत नाही, ती त्यांच्या कामाची असते. पत्राची एक प्रत गटाच्या फाइलला लावा आणि महिन्याभराने विचारणा करा. कर्जाच्या अर्जाचा पाठपुरावा आपण करतोच की, तसाच याचाही करायचा.

आणि मुलींनो, तुम्हीही ऐकत असाल, तर एवढं ध्यानात ठेवा. पान कळलं नाही, तर ‘मला येत नाही’ म्हणू नका. ‘हे पान मला कळलं नाही’ असं म्हणा, आणि ते मोठ्याने म्हणा.