माशी कुठे शिंकली?



ठरलेले काम बिघडले की आपण विचारतो, माशी कुठे शिंकली? आज हाच प्रश्न अक्षरशः घेऊ. माशी शिंकत नाही, हे आधीच सांगतो. ती ओकते. शिंकली असती तर एक वेळ परवडले असते.

गोष्ट १८९८ सालची. अमेरिकेचे स्पेनशी युद्ध जुंपले आणि स्वयंसेवक सैनिकांच्या मोठमोठ्या छावण्या अमेरिकेतच पडल्या. लढाईत कामी आले ते चारशेच्या आत. छावण्यांत मात्र विषमज्वर, म्हणजे आपला टायफॉइड, वीस हजारांहून अधिक जणांना झाला. दीड हजारांवर दगावले. त्यांतल्या पुष्कळांनी शत्रूचे तोंडही पाहिले नव्हते. कारण शोधायला वॉल्टर रीड, व्हिक्टर वॉन आणि एडवर्ड शेक्सपिअर असे तीन डॉक्टर नेमले गेले.

अशा वेळी संशय आधी पाण्यावर जातो. या तिघांची नजर ताटावर गेली. छावणीत शौचासाठी उघडे चर खणलेले, त्यांत चुना टाकलेला. जवळच जेवणाचे तंबू. तिथल्या अन्नावर फिरणाऱ्या माश्यांचे पाय पांढरे होते. चुन्याने! घाणीचा बंदोबस्त झाला म्हणून माणसे निश्चिंत होती. माशीने त्यांनाच चुना लावला. ज्या अधिकाऱ्यांच्या भोजनाच्या तंबूंना जाळी होती, त्यांच्यात ताप कमी निघाला. थंडी पडली, माश्या गेल्या, साथही ओसरली. समितीने माणसामाणसांतल्या संसर्गालाही दोष दिला, पण माशी काही सुटली नाही.

हे ती करते कसे? माशीला चावता येत नाही. ती फक्त पातळ पदार्थ शोषू शकते. साखरेच्या कणावर बसली की लाळ सोडते, मागे खाल्लेले थोडे ओकते, कण विरघळवते आणि चोखते. चव तिला पायांनीही कळते, म्हणून ती पदार्थावर नुसती बसत नाही, चालून बघते. पायांना चिकट केस आहेत. त्यांना जंतू लागतात. ती सारखी हात चोळताना दिसते, ते केस साफ ठेवण्यासाठी. पण पाय पुसले तरी पोटातले जंतू राहतातच, आणि ते ओकारीतून व विष्ठेतून आपल्या ताटात उतरतात.

इथे डासाशी तुलना करा. हिवतापाचा परोपजीवी डासाच्या अंगात वाढतो, रूप बदलतो. डासावाचून त्याचे चालत नाही. माशी नुसती हमाल. ओझे आपण भरून दिले तरच ती वाहते.

एखादा वकील विचारील, माश्या नसत्या तर आजार खरेच घटले असते का? याचे उत्तर इस्रायलमध्ये मिळाले. १९८८ आणि १९८९ च्या उन्हाळ्यांत प्रयोगासाठी दोन लष्करी तळ घेतले. आधी एका तळावर आमिषाचे सापळे लावून माश्या कमी केल्या, मग दुसऱ्यावर. माश्या ६४ टक्क्यांनी घटल्या. जुलाबासाठी दवाखान्यात येणे ४२ टक्क्यांनी उतरले. शिगेला जंतूच्या हगवणीसाठी येणे तर ८५ टक्क्यांनी. हा फरक का? शिगेलाचे शंभरभर जंतू, कधी दहासुद्धा, माणसाला पाडायला पुरतात. एवढे ओझे माशी सहज उचलते.

आता आपल्याकडे या. आंब्याचे दिवस घ्या. कोयी-साली कोपऱ्यात पडतात, पुढे पाऊस येतो. उबदार हवेत अंड्यापासून उडती माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मादी एका खेपेला शंभरेक अंडी घालते. याचा अर्थ इतकाच की ओला कचरा आठवड्याच्या आत उचलला, तर अळीची माशी होण्याआधीच तिचे घर मोडते. फवारा उडत्या माशीला मारतो, उकिरडा दुसऱ्या दिवशी नव्या पाठवतो.

ताटावरची माशी हाकलताना आपली नजर ताटावर असते. ती आली कुठून, तिकडे पाहायला हवे. ती शेजारच्या उघड्या गटारावरून आली असेल, तर जाळी लावून तुमचे जेवण वाचेल, शेजाऱ्याचे वाचणार नाही. अमेरिकन छावणीत अधिकाऱ्यांना जाळी होती, शिपायांच्या वाट्याला उघडा चर आला. माशी शिंकली ती तिथे.