पाण्याच्या चालीनं



मागच्या हिवाळ्यात सायकलला पिशव्या बांधून मी संगमनेरहून निघालो आणि तिसऱ्या दिवशी नेवाशाला पोहोचलो. हे ऐकून आमचे एक स्नेही म्हणाले, "का हो, एसटी बंद आहे का?" अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. तरणी पोरं एवढं अंतर सकाळच्या फेरीत उरकतात. मी पंचावन्न उलटलेला माणूस. गुडघे कुरकुरतात हे खरं, पण तीन दिवस लागले ते गुडघ्यांमुळे नव्हे. मला पाण्याच्या चालीनं जायचं होतं.

माझी वाट होती प्रवरेच्या डाव्या कालव्याची. रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा भंडारदऱ्याला अडवली आहे. ते धरण १९१० मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून अकोले, संगमनेर करत खाली येतं. पुढे ओझरच्या बंधाऱ्याशी दोन्ही अंगांना दोन कालवे फुटतात. उजवा राहुरीच्या बाजूला जातो. डावा लोणी, श्रीरामपूर करत टाकळीभानच्या तलावाकडे जातो. त्या तलावाला सगळे 'टेलटँक' म्हणतात. टेल म्हणजे कालव्याचं शेपूट.

कालव्याच्या कडेनं जी वाट असते तिला सरकारी भाषेत निरीक्षण पथ म्हणतात, आमच्याकडे नुसती 'पाटाची पाळ'. सायकलवाल्याला या वाटेसारखं सुख नाही. नदी आपल्या मनानं जाते, कालवा मात्र माणसानं जमिनीची उंची मोजून नेलेला असतो. मैलभरात फूट-दोन फूट, एवढाच त्याला उतार. जास्त दिला तर पाणी काठ खरवडतं, कमी दिला तर गाळ बसतो. टेकाड आलं की कालवा वळसा घालतो, ओढा आला की त्याच्या वरून नाही तर खालून पार होतो. म्हणजे आपल्याला चढ असा लागतच नाही.

युरोपात कालव्याकाठी सायकल हाकण्याची हौस मोठी आहे. फ्रान्समधला 'कनाल द्यु मिदी' हा कालवा तुलूझपासून भूमध्य समुद्राच्या दिशेनं २४० किलोमीटर जातो. तो १६८१ मध्ये खुला झाला. तो खोदवून घेणारा रिके हा मिठाचा कर गोळा करणारा अधिकारी. कालवा खुला होण्याआधी काही महिने, १६८० मध्ये तो वारला. तिथली काठावरची वाट घोड्यांसाठी होती. घोडे काठानं चालत आणि दोरानं नाव ओढत. आता घोडे गेले, वाट राहिली, आणि तिच्यावरून लोक सायकलीनं रमतगमत जातात. हे मी चित्रांतच पाहिलं आहे. आपल्या पाळीवरून नाव ओढणारा घोडा कधी गेला नाही. तिच्यावरून जायचा तो पाण्याचा राखणदार, म्हणजे पाटकरी.

माझे अब्बा पाटकरी होते.

त्यांची चोवीस इंची काळी सायकल होती. हँडलला किल्ल्यांचा जुडगा, कॅरिअरला खोरं आणि खिशात वही. शेतकऱ्यानं पाण्यासाठी सात नंबरचा फॉर्म भरायचा, मंजुरी आली की शेजपाळीनं त्याची पाळी लागायची. कुणाची मोरी कधी उघडायची, किती तास चालू ठेवायची, हे अब्बा बघत. असरची नमाज ते पाटाच्या पाळीवरच पढत. वजू करताना ओंजळीत पाणी अगदी थोडं घेत. मी म्हणायचो, "अब्बा, एवढा पाट वाहतोय की!" ते म्हणत, "ये पानी अपना नै बेटा, लोगां का है."

मी चौथीत असतानाची गोष्ट. उन्हाळी आवर्तन सुरू होतं. एका रात्री कुणीतरी मोरीचं कुलूप तोडून पाणी आपल्या उसाला वळवलं. कुणी, हे अब्बांना माहीत होतं. त्या माणसाच्या शब्दाला वजन होतं आणि आम्ही चौकीच्या दोन खोल्यांत राहणारी माणसं. अब्बांनी वहीत लिहिलं, 'कुलूप अज्ञात इसमाने तोडले.' चार दिवसांनी टेलकडचा एक शेतकरी आमच्या दारात आला. भांडला नाही. भुईमुगाचे तीन-चार वाळून गेलेले वेल त्यानं अंगणात ठेवले, "बघून घ्या" म्हणाला आणि निघून गेला. अम्मी ते शेळीला टाकणार होती. अब्बांनी टाकू दिले नाहीत. त्यांनी ते छपराच्या वाशाला अडकवले. आमची तिथून बदली होईपर्यंत ते तिथंच होते.

निवृत्तीनंतर एकदा मी त्यांना विचारलं, "अब्बा, तुम्ही टेलटँक पाहिला का हो कधी?" म्हणाले, "माझी हद्द आठ किलोमीटरची. तिच्या पुढं कधी गेलो नाही." मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "जायला पाहिजे होतं." अब्बा आता नाहीत. त्यांचं ते वाक्य घेऊन मी ओझरला सायकलवर बसलो.

पहिल्या दिवशी पाट तुडुंब होता. रब्बीचं आवर्तन चालू होतं. दोन्ही बाजूंना ऊस, पुलांवर कपडे धुणाऱ्या बायका, तारेवर खंड्या. पाळ काही सलग नाही. कुठे ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या, कुठे वेडी बाभूळ. दुपारपर्यंत दोनदा पंक्चर झालं. पाण्यावरून एक बाभळीची फांदी चालली होती, तिच्या सोबतीनं जायचं मी ठरवलं. पण पाटाचं पाणी माणसाच्या चालीपेक्षाही हळू जातं. त्याच्याबरोबर राहायचं तर सायकलवाल्याला पुन्हा पुन्हा उतरावं लागतं. उतरलं की कुणीतरी विचारतं, "कुठले पाहुणे?" आणि मग चहा होतो. चहात गुंतलो तेव्हा फांदी पुढे निघून गेली. पुढच्या पुलाच्या खांबाला अडकून ती माझी वाट बघत होती.

संध्याकाळी लोणी गाठली. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या मार्गदर्शनाखाली इथं सहकारी साखर कारखाना उभा केला. कालवा आधीच्या पिढीनं आणून दिला होता, त्यावर उसाचं अर्थकारण उभं राहिलं आणि कित्येक कुडाच्या घरांच्या भिंती पक्क्या झाल्या. हेही त्या पाण्याचंच देणं आहे.

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट ध्यानात यायला लागली. ओझरपाशी मला कुणीही पाण्याबद्दल विचारलं नव्हतं. लोणीच्या पुढे एकानं विचारलं, "वर किती सुरू आहे?" श्रीरामपूर जवळ आलं तसं दोघा-तिघांनी विचारलं. श्रीरामपूर ओलांडल्यावर जो भेटेल तो हेच विचारू लागला. नाव नंतर, गाव नंतर, आधी "वर पाणी किती आहे?" मी वरून आलेला माणूस, म्हणजे पाण्याची खबर आणणारा. दर दोन-तीन फर्लांगांवर एक चारी फुटत होती आणि तेवढा पाट बारीक होत होता. ओझरला सायकल बुडेल एवढं पाणी होतं. इथं काठाच्या ओल्या खुणा उघड्या पडल्या होत्या. मोटारीतून जाणाऱ्याला दोन्हीकडे हिरवंच दिसतं. हिरव्यातला फरक बघायचा तर चाक हळू फिरावं लागतं.

तिसऱ्या दिवशी टाकळीभान. टेलटँकजवळ एक वृद्ध गृहस्थ हरभऱ्याच्या बांधावर बसले होते. त्यांनीही तेच विचारलं. मी सांगितलं.

"खात्यातले का तुम्ही?"

"नाही बाबा. वडील पाटकरी होते. वरच्या अंगाला."

त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "मग फार उशिरा आलात." आणि मोठ्यानं हसले. हसता हसता हरभऱ्याचे डहाळे उपटून हातात दिले. मी त्यांना वेलांची गोष्ट सांगितली, 'अज्ञात इसम'सुद्धा सांगितला. ते म्हणाले, "आमच्यातलाच असंल कुणी. तवा किती जण गेले असतील वर!" थोडा वेळ ते गप्प बसले. मग विचारलं, "वेल फेकले नव्हते म्हणता?"

"नाही. वाशाला होते."

"हं," ते म्हणाले आणि पाण्याकडे बघत राहिले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. तो त्यांचा हक्कही नव्हता आणि मीही ते मागायला गेलो नव्हतो. पण अब्बांची हद्द मी शेवटापर्यंत ओलांडून आलो होतो.

दिवस बदलत आहेत. याच खोऱ्यात निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये झालं. नव्या योजनांत चाऱ्यांऐवजी बंद नळ्या टाकतात. २००५ च्या कायद्यानं शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना वाटपाचा अधिकार दिला. नळीत पाणी पाझरत नाही, उडून जात नाही, रात्री कुणी वळवू शकत नाही. टेलच्या माणसाचं त्यात भलं आहे, म्हणून मी त्याविरुद्ध बोलणार नाही. फक्त एवढंच, की नळीच्या काठानं कुणी चालत जात नाही. कुणाला किती मिळालं हे मग कागदावरच बघायचं.

टाकळीभानहून डांबरी रस्त्यानं नेवाशाला गेलो. प्रवरा तिथं पुन्हा भेटते. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, इथंच ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून माउली बसले, तो पैसाचा खांब इथं आहे. मी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या जिल्ह्यातला मराठी कवी, तिथं मला परकं वाटायचं कारणच नव्हतं. असरची वेळ झाली होती. नदीवर जाऊन वजू केला. पाणी थोडंच घेतलं.

तुमच्या गावाजवळून पाट जात असेल तर एखाद्या हिवाळ्यात, आवर्तन चालू असताना सायकल काढा. पंक्चरचं सामान आणि प्यायचं पाणी बरोबर ठेवा, दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर पुरे. पाळ तुटली असेल तिथं मुकाट्यानं गावच्या रस्त्याला लागा. कुठूनही सुरुवात करा, पण टेलपर्यंत जा. आणि तिथं कुणी विचारलं, वर पाणी किती आहे, तर खरं सांगा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)